मायचा कान आणि समुद्राचा तळ

माझ्या मायला डाव्या कानानं ऐकू येत नसे. माझ्या जन्माआधी तिला मोठा ताप आला होता. महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती, आणि उठली तेव्हा एक कान गेलेला होता. उजवा मात्र चांगला शाबूत होता. चुलीवरच्या भाताचं पाणी आटत आलं की ती अंगणात बसून नुसत्या आवाजावरून ओळखायची. त्यामुळे तिला काही कमी आहे असं आम्हा बहीणभावाला पुष्कळ वर्षं वाटलंच नाही. एकच गोष्ट वेगळी होती. कुणी हाक मारली की ती लगेच वळत नसे. हातातलं काम थांबवायची, डोकं जरा इकडे, जरा तिकडे फिरवायची आणि विचारायची, "कुठून बोलून राहिला रे?"

आवाज आला हे तिला कळायचं. कुठून आला, हे कळत नसे.

याचं कारण मला नागपूरला एम.एस्सी. करताना समजलं. ग्रंथालयात ध्वनिशास्त्राचं एक जाड पुस्तक वाचत होतो. त्यात लिहिलं होतं की आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला किंचित आधी पोचतो, डाव्याला किंचित नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. ज्याला एकच कान आहे त्याला हा फरक मिळतच नाही. तो परिच्छेद वाचून मी पुस्तक मिटलं. पंधरा-वीस वर्षं घरात जे रोज पाहत होतो, ते दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच देशात बसून लिहून ठेवलेलं होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत लाखनीचा प्रसंग घडला. मायचं माहेर लाखनीजवळचं. तिकडे लग्न होतं म्हणून आम्ही सगळे आमच्या गावाहून, आसगावहून, गेलो होतो. लाखनीला बसमधून उतरलो आणि रस्ता ओलांडायला उभे राहिलो. तो मोठा हमरस्ता, दिवसभर ट्रकांची रांग. माय चार पावलं पुढं होती, काखेत आहेराच्या लुगड्यांची पिशवी. तेवढ्यात एका ट्रकनं हॉर्न वाजवला. माय रस्त्याच्या मधोमध थांबली. तिनं उजवीकडं पाहिलं, तिकडे काही नव्हतं. म्हणून ती डावीकडं सरकली, म्हणजे नेमकी ट्रकच्या पुढ्यात. बाबांनी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि मागं ओढलं. पिशवी रस्त्यावर पडली. ट्रक पिशवीवरून गेला आणि पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरून बाबांना बोलायला लागला, "बाई बहिरी आहे का?"

बाबा म्हणाले, "नाई. ऐकू येते तिले."

एवढंच बोलून त्यांनी पिशवी उचलली. लुगड्यांवर टायरची काळी नक्षी उमटली होती. मायनं ती तशीच झटकली, घडी घातली आणि म्हणाली, "आवाज दोन्ही बाजूनं आल्यासारखा वाटला मले." त्या दिवसानंतर बाबा रस्त्यानं चालताना नेहमी तिच्या डाव्या बाजूला राहत. त्याबद्दल दोघं कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढं सत्तरच्या दशकाच्या मध्याला मला केरळच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम होतं समुद्रातले आवाज ऐकण्याचं. आसगावात हे समजावून सांगणं फार कठीण गेलं. आमच्याकडे सगळ्यांची धानाची शेती. पाणी म्हणजे गावचं तळं, आणि समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. बाबांनी एकदा विचारलं, "पान्यात कान लावून काय ऐकते सरकार?"

मी सांगितलं की समुद्राच्या पाण्यात उजेड थोडाच खाली जातो, त्याखाली मिट्ट अंधार असतो. रेडिओच्या लहरी तर वरच मरतात. आवाज मात्र शेकडो कोस जातो, हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगानं. म्हणून खोल समुद्रात काय कुठं आहे हे शोधायचं असेल तर ऐकण्यावाचून उपाय नाही. जहाज, मासा, तळाशी फुटलेला ज्वालामुखी, काहीही असो.

"ऐकू आलं हे ठीक आहे," बाबा म्हणाले. "पन कुठी आहे, हे कसं समजते?"

अंगणात बसलेली माय त्या प्रश्नाला मान वर करून पाहू लागली. मी जमिनीवर काडीनं तीन टिंबं काढली. ही तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाण्यात एक मायक्रोफोन सोडायचा, त्याला हायड्रोफोन म्हणतात. एकच आवाज तिघांकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो. कुणाकडे किती उशिरा पोचला ते मोजलं की नकाशावर रेघा काढता येतात, आणि रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं आवाजाचा उगम.

माय म्हणाली, "म्हंजे तीन कान पायजे."

"हो. निदान तीन."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतो आहे तिच्याकडे येतो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या साहेबांनी, म्हणजे माझ्या वरच्या शास्त्रज्ञांनी, अरबी समुद्रात तीन किलोमीटर खोल पाण्यात एक यंत्रमाळ सोडली होती. लांब दोर, खाली वजन, वर तरंगता गोळा, आणि मधे तीन यंत्रं, जी खोल पाण्याचे प्रवाह टेपवर नोंदवत राहतात. वर्षभरानं जाऊन ती काढायची होती. साहेबांचं सहा-सात वर्षांचं काम त्या टेपांवर अवलंबून होतं. ते पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, अगदी हळू बोलणारे गृहस्थ होते. मला त्यांनीच कामाला लावलं आणि शिकवलं.

आम्ही दिवाळीनंतर जहाज घेऊन गेलो तर माळ जागेवर नव्हती. बहुधा वरचा गोळा फुटला असावा आणि सगळंच तळाशी बसलं असावं, किंवा प्रवाहानं ओढत नेलं असावं. एक गोष्ट बरी होती. माळेच्या टोकाला एक छोटं टिकटिक करणारं यंत्र होतं. दर दहा सेकंदांनी ते एक टोला दिल्यासारखा आवाज करायचं, आणि त्याची बॅटरी मार्चपर्यंत पुरणार होती. म्हणजे हरवलेली वस्तू स्वतःच हाका मारत होती. आम्ही तीन हायड्रोफोन पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघांत पाणी शिरलं आणि ते बंद पडले. एकच उरला.

त्या एकाच कानावर आम्ही चार दिवस शोध घेतला. जहाजाचं इंजिन बंद करायचं, हायड्रोफोन सोडायचा, कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकायची. आवाज जिकडे मोठा वाटेल तिकडे जहाज न्यायचं, पुन्हा ऐकायचं. तिथं तो लहान झालेला असायचा. मग दुसरीकडे. नकाशावर आमच्या वाटेचा असा गुंता झाला की कप्तान तो पाहून हसला. पाचव्या दिवशी त्यानं साहेबांना सांगितलं की तेल संपत आलंय, परतावं लागेल. त्यांनी नोंदींची वही बंद केली आणि किनारा येईपर्यंत उघडली नाही.

मला रजा बाकी होती. मी घरी आलो. बंद पडलेल्या दोन हायड्रोफोनांपैकी एक दुरुस्तीसाठी बरोबर आणला होता. साहेबांनी तशी चिठ्ठी लिहून दिली होती. सोबत बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन. घरी त्या वेळी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं, बाबा दिवसभर खळ्यावर. मी ओसरीत बसून तो हायड्रोफोन उघडला, वाळवला, आतली एक तार पुन्हा जोडली आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवून त्याचं तोंड बंद केलं. तीन दिवस त्यात गेले. माय येता-जाता पाहायची. एकदा म्हणाली, "काहून जेवन नाई जाऊन राहिलं तुले?"

मी तिला सगळं सांगितलं. साहेबांचं, माळेचं, ती टिकटिक अजूनही तिथं चालू आहे याचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बिचारं हाका मारून राहिलं असंन." आणि आत गेली.

यंत्र पाण्यात टाकून पाहणं भाग होतं, म्हणून मी गावच्या तळ्यावर गेलो. माझी धाकटी बहीण गावच्याच शाळेत मास्तरीण होती, रविवार होता, तीही आली. तळ्यात मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराचा डोंगा होता. त्याला विनंती केली आणि बहिणीला डोंग्यात बसवून सांगितलं की पाण्याखाली हात घालून दोन दगड एकमेकांवर मारत राहा. मी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभा राहून हायड्रोफोन पाण्यात सोडला. टक, टक, असा आवाज अगदी कानाशी मारल्यासारखा आला. जोडणी बरोबर झाली होती.

दुपारी माय जेवण घेऊन आली. तिनं विचारलं, "मले ऐकू येईन का?"

मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं तो कानांवर दाबून धरला. मग हळूच म्हणाली, "दगड वाजून राहिले. लई जवळ." तिनं सवयीनं डोकं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. आवाज बदलला नाही. "हे कुठून येऊन राहिलं?"

"मलेही समजत नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दोन कान असून?"

"दोन असून. पान्यात कान एकच सोडला आहे न. माह्या दोन्ही कानात तोच आवाज येते."

तिनं हेडफोन काढला नाही. पाळीवर बसली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुम्ही समदे साहेब लोक त्या जहाजावर माह्यासारखेच होते." ती हे गंमत म्हणून बोलली नव्हती आणि टोचून बोलायचा तर तिचा स्वभावच नव्हता. एखादी गोष्ट पहिल्यांदा लक्षात आल्यावर माणूस जसं बोलतं तसं ती बोलली. मी मात्र तिच्याकडे पाहू शकलो नाही.

मग तिलाच उत्साह आला. तिनं बहिणीला ओरडून सांगितलं, "जा वं, लपून बस कुठी. मी हुडकते." ढिवरानं डोंगा पलीकडच्या काठाला नेला. तिथं बेशरमची झाडं पाण्यात शिरून दाट माजली होती आणि डोंगा कुठं थांबला ते दिसत नव्हतं. टकटक चालू झाली.

मी म्हटलं, थांब, आधी मी पाहतो. पाळीवरून फिरत जागोजागी हायड्रोफोन बुडवून ऐकलं. तुडूमाजवळ, म्हणजे तळ्याचं पाणी शेतात सोडायचं जे दगडी तोंड असतं तिथं, आवाज एकदम मोठा झाला. मी म्हणालो, "याच्यासमोरच आहे ते."

माय म्हणाली, "नाई."

"काहून?"

"दगडापाशी आवाज मोठाच होते. घरी भिंतीपाशीही तसंच होते. जोराच्या आवाजानं मी लई वेळा फसली, बाबू. लाखनीलेही तसंच झालं."

"मंग तू कशी हुडकते?"

ती जरा लाजली. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मग सांगायला लागली. मागल्या वर्षी वासरू धानाच्या बांधीत शिरलं होतं, धान छातीएवढं, वासरू दिसत नव्हतं, नुसतं ओरडत होतं. "आवाजाच्या मागं मागं गेली असती तं दिवसभर गोल गोल फिरली असती. म्हून मी मागं जात नाई. मी आपली बांधावरून सरळ चालते. थांबते, ऐकते, पुन्हा चालते. आवाज वाढत जाते, वाढत जाते, मंग कमी व्हायले लागते. कमी झाला की समजाचं, मागं सुटला. ज्या जागी सुटला तिथं काडी खोचाची. मंग तिथून आडवं जाचं. तिकडंही तसंच. सापडते."

"आणि मधे एखाद्या जागी एकदम मोठा झाला तं?"

"त्याले सोडून देवाचं. एका पावलात कोनी जवळ येत नाई."

आम्ही तसंच केलं. हेडफोन तिच्या डोक्यावर, यंत्र माझ्या हातात. पाळीच्या एका टोकापासून निघालो आणि दर वीस पावलांवर थांबलो. "वाढून राहिला," ती म्हणायची. पुन्हा वीस पावलं. "वाढून राहिला." तुडूम आलं, तिथं ती नुसती हात हलवून पुढं चल म्हणाली. पाळीचं वळण यायच्या थोडं आधी ती थांबली, पुढं गेली, पुन्हा मागं आली. "इथून सुटला." मी काडी खोचली. तिनं काडीपासून सरळ पलीकडच्या काठाकडे हात केला आणि मोठ्यानं बहिणीला हाक मारली. बरोबर हाताच्या समोरच्या बेशरमीतून डोंग्याचं टोक बाहेर आलं. बहीण खालपासून वरपर्यंत भिजली होती. ढिवर म्हणाला, "वहिनी, आता मासेही असेच हुडकून द्या."

माय हसत होती. मी पाळीवर उभा राहून त्या काडीकडे पाहत होतो.

आम्ही जहाजावर चार दिवस काय केलं ते मला आता स्वच्छ दिसलं. आम्ही आवाजाच्या मागं धावत होतो. खोल समुद्रात आवाज सरळ येत नाही. वरचं पाणी ऊन, खालचं थंड, त्यात तो वाकतो. तळावर आपटून येतो, पृष्ठभागावर आपटून येतो. दोन वाटांनी आलेला एकच आवाज एके ठिकाणी मिळाला की तिथं तो मोठा होतो, आणि थोडं पुढं गेलं की नाहीसा. आम्ही प्रत्येक वेळी अशाच एखाद्या तुडूमाकडे जहाज वळवत होतो. सरळ रेघेत चालत राहायला हवं होतं, आवाज मागं सुटेपर्यंत. शिवाय आमच्याकडे मायपेक्षा एक गोष्ट जास्त होती. ती टिकटिक बरोबर दहा सेकंदांनी होत होती. जहाज जवळ जात असेल तर प्रत्येक टोला किंचित लवकर पोचणार, लांब जात असेल तर किंचित उशिरा. आवाज लहान-मोठा कितीही होवो, वेळ फसवत नाही. लवकर येणारे टोले ज्या क्षणी उशिरा यायला लागतील त्या क्षणी ती वस्तू आपल्या बरोबर बाजूला.

यातलं काहीही नवीन नव्हतं. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. साहेबांना तर ते माझ्याहून कितीतरी चांगलं ठाऊक होतं. तरी तीन कानांची सवय झालेली आम्ही माणसं, दोन कान गेल्यावर घाबरून जिकडे जोर दिसेल तिकडे पळालो. एका कानावर तीस वर्षं काढलेलं माणूस असं पळत नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलनं जवळच्या पवनीला जाऊन साहेबांना तार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की निघून ये. रजा अर्धी टाकून मी निघालो. माय चुरमुऱ्यांची पिशवी देताना म्हणाली, "सापडलं तं चिठ्ठी टाक."

जहाज पुन्हा मिळवायला साहेबांना अडीच महिने लागले. कुणाकुणाच्या दारात ते किती वेळा गेले हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही त्या जागी पोचलो. समुद्र शांत होता. एकच हायड्रोफोन सोडायचा असं ठरलं होतं, दुसरा हाताशी. कप्तानाला सांगितलं की आवाज कसाही येवो, जहाज वळवायचं नाही. दर अर्ध्या तासानं इंजिन बंद करून आम्ही ऐकायचो आणि टोला घड्याळाच्या किती पुढं-मागं पडला ते कागदाच्या गुंडाळीवर मांडायचो. पहिला दिवस नुसतीच टिंबं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिंबांची रेघ चढायला लागली. दुपारी ती चढायची थांबली. पुढच्या थांब्याला रेघ खाली वळली होती. साहेबांनी त्या जागी पेन्सिल टेकवली आणि पेन्सिल तिथंच धरून ठेवली, जणू उचलली तर जागा हरवेल. मग त्या जागेवरून आम्ही जहाज आडवं नेलं. तिथंही तसाच डोंगर निघाला. या दुसऱ्या डोंगराचा माथा जिथं आला, ती जागा आमच्या पहिल्या चार दिवसांच्या गुंत्यापासून दहा-बारा किलोमीटर लांब होती.

त्यानंतर पोलादी दोराला आकडे बांधून तळ विंचरायचं काम. तीन किलोमीटर दोर खाली सोडायलाच अर्धा दिवस जातो. दोनदा रिकामा आला. तिसऱ्या खेपेला दोरावरचा ताण वाढला आणि कमी झाला नाही. वर आलं ते राखाडी चिखलानं माखलेलं होतं. तीन यंत्रांपैकी एक तुटून गेलं होतं, एकात पाणी शिरलेलं, तिसऱ्यातली टेप मात्र कोरडी होती. साहेबांनी आपल्या सदऱ्यानं त्यावरचा चिखल पुसला. सहा-सात वर्षांच्या कामापैकी एक तृतीयांश हाती आलं होतं. ते म्हणाले, पुरे आहे.

त्या संध्याकाळी चहाच्या टेबलाशी कप्तान, दोन अधिकारी, साहेब आणि मी बसलो होतो. कप्तानानं मला विचारलं, "मागच्या वेळी हे का सुचलं नाही? आणि आता कसं सुचलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "पुस्तकात होतं, सर. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला लगेच कळलं की मी काय केलं. पांढऱ्या गणवेशातल्या त्या माणसांसमोर आसगावचं तळं, बेशरमची झाडं आणि एका कानाची माय आणायला मला लाज वाटली होती. नंतर अहवाल छापला गेला. त्यात ही प्रचलित पद्धत वापरली असं एक वाक्य होतं. ते मीच लिहिलेलं. घरी मात्र मी लगेच चिठ्ठी टाकली की सापडलं. बाबांनी ती मायला वाचून दाखवली, असं बहिणीनं कळवलं.

सात-आठ वर्षं ते वाक्य माझ्या मनात रुतून राहिलं. त्या काळात साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. मायचा उजवा कानही कमी होऊ लागला. मी तिला नागपूरला दाखवून आणलं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, यात समदेच एकदम बोलतात. चार दिवस वापरलं आणि डबीत ठेवून दिलं.

त्या वेळी ओसरीत बसून मी तिला सगळं सांगितलं. चहाचं टेबल, कप्तानाचा प्रश्न, माझं उत्तर. आता तिच्याशी मोठ्यानं बोलावं लागे, त्यामुळे ते सगळं मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं आणि शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

ती म्हणाली, "पुस्तकात होतं न?"

"होतं."

"मंग खोटं काय बोलला?"

"मले तं तुह्याकडून समजलं होतं."

ती म्हणाली, "साहेब आहे न अजून? त्याले लिहून टाक. तुह्या मनाले बरं वाटंन."

मी लिहिलं. चार पानी पत्र झालं. आठवडाभरानं साहेबांचं उत्तर आलं, निळ्या अंतर्देशीय पत्रावर, बारीक अक्षरात, इंग्रजीत. माझ्या कबुलीबद्दल त्यात एकच ओळ होती, की आता तू मोठा झालास, अशा गोष्टी उशिरा का होईना सांगाव्यात. उरलेलं पत्र मायबद्दल होतं. त्यांना एक गोष्ट कळली नव्हती आणि त्यांनी ती तिलाच विचारायला सांगितली होती. दगडी तोंडाजवळ आवाज मोठा होतो हे ठीक, पण तो खोटा आहे हे त्या नुसतं ऐकून ओळखतात, की पावलांच्या हिशोबावरून? त्याला काही खूण असते का?

मी पत्र मराठीत करून मायला सांगितलं. तिनं प्रश्न दोनदा विचारून घेतला. मग उठून भिंतीपाशी गेली, भिंतीकडे तोंड करून टाळी वाजवली. अंगणात येऊन पुन्हा वाजवली. परत भिंतीपाशी गेली. तिला आता ते नीट ऐकू येत होतं की जुन्या आठवणीवर चाललं होतं, मला सांगता येणार नाही. शेवटी येऊन बसली आणि म्हणाली, "लिही. भिंतीपाशी आवाज मोठा असते, पन त्याले धार नसते. जाडा असते. खऱ्या आवाजाले सुरुवात असते."

धार या शब्दाला इंग्रजीत काय लिहावं यावर मी बराच विचार केला. चाकूची असते ती, असं कंसात लिहिलं. एका बाजूला टाळीचं चित्रही काढलं, एक उभी सरळ चढणारी रेघ आणि एक गोलसर.

पत्र बंद करणार तेवढ्यात माय म्हणाली, "आनखी एक लिही. नवा तांदूळ निघाला का पाठवतो म्हनावं, पत्ता बरोबर आहे का इचार."

मी तेही लिहिलं.